दुपट्ट्याखालचा कोड

...आणि वरून ऑफिसातले म्हातारे मलाच विचारतात, "तुले आमचा पासवर्ड काहून पाहिजे बे?" घ्या! अहो, मला कशाला पाहिजे? ऑफिसच्या फाटकाबाहेर जीप उभी असते, तिच्या नंबर प्लेटवर तुमचा पासवर्ड रंगवून ठेवला आहे, अख्खं पांढुर्णा येता-जाता वाचून राहिलं, शेळ्यांना पाठ झाला असेल, आणि चोर कोण? तर मयूर! काहून? तर पोट्ट्यानं नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडलं ना, मग याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणारच!

तुम्हाला सांगतो, कंपनी माझ्या सख्ख्या काकांची. विजयकाकांची. संत्र्याचं पॅकिंग, मागं कोल्ड स्टोरेज. सगळं मजेत चाललं होतं, तर माल घेणाऱ्या ज्यूसवाल्या मोठ्या कंपनीनं कळवलं, सायबर सुरक्षेचे नियम पाळा, आमची तपासणी पास करा, नाही तर तुमची संत्री तुम्हीच सोलून खा. काकांनी लगेच फोन उचलला! मला बोलावलं. "तू कंप्युटरचं अर्धं शिकला ना? मग अर्धं तर समजत असन! पास करून दे, तुले पक्का करतो." आणि नापास झालो तर? ते बाबांनी सांगितलं... सौंसरला मावसाजींच्या कापडाच्या दुकानात बसायचं, ब्लाउजपीस फाडायचे. जन्मभर!

आता राबणार का नाही माणूस? राबलो! पण या म्हाताऱ्यांचा एकच रोग हो, आणि त्याला औषध नाही... ‘आपलाच माणूस हाय!’

फाटकावर चिंधूभाऊ, आमचे चौकीदार. कोणीही या, कोणीही जा. मी विचारलं, "चिंधूभाऊ, आत्ता आत गेला तो कोण?" म्हणे, "का माहीत! पण आपलाच माणूस हाय." कशावरून? "राम राम केला ना त्यानं!" म्हणजे चोरानं राम राम केला की झाला नातेवाईक!

हिशेबाला नलिनीताई. त्यांची परीक्षा घ्यायला मी माझ्या दोस्ताला, तुषारला, फोन करायला लावला. तो म्हणाला, मी बँकेतून बोलतो, कोड सांगा. ताईंनी असा झाडला त्याला, असा झाडला की मला अभिमान वाटला. मग म्हटलं, आता जरा गोड बोलून पाहा. तुषार म्हणाला, "मावशी, मी तिगावचा..." झालं! ताईंचं माहेर तिगाव! कोड तर दिलाच, वरून त्याला सर्दीचा काढाही सांगितला! मी बोललो तर रडायला लागल्या, "आपलाच माणूस होता ना रे!" आणि माझ्याकडे पाहतात कसं? जसं मी त्यांची पर्स उघडून राहिलो!

शेवटी मी सगळं बदललं. पक्क्या लोकांना फोटोची कार्डं केली. मला कार्ड नाही बरं का, मी कुठं पक्का होतो? मी काकांसोबतच आत जायचो. चिंधूभाऊंना घोकून घेतलं... कार्ड नाही तर आत नाही, मग तो देव असो. कोल्ड स्टोरेजच्या कंप्युटरला नवा आकड्यांचा कोड टाकला आणि एकट्या काकांना सांगितला. हात जोडून बजावलं, "काका, हा तोंडानं बोलायचा नाही, कुठं लिहायचा नाही." काका म्हणाले, "मी का पागल हाव?"



तपासणीला प्रतिभा मॅडम आल्या. चिंधूभाऊंनी त्यांच्या कंपनीचं कार्ड मागितलं, पाहिलं, मगच आत सोडलं. वा! नलिनीताईंनी तोंडातून शब्द काढला नाही. वा! मॅडमनी काकांना विचारलं, "कोल्ड स्टोरेजच्या कंप्युटरचा कोड सांगता?" काका ताठ. "मी कोणाले सांगत नसतो." मॅडम खूश, मी हवेत, सौंसरचे ब्लाउजपीस दूर दूर चालले... आणि चहा आला. चहासोबत काकांनी विचारलं, "माहेर कोठचं बाई तुमचं?"

म्हटलं, मेलो.

"मोहगाव," मॅडम म्हणाल्या.

"मोहगाव? अवं, मंग तू आपलीच लेक हायस ना!"

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्टा टाकायचा, त्याच्याखाली समोरच्याची बोटं दाबायची, आकडा त्याला समजतो, बाजूच्याला पत्ता नाही. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, मॅडमच्या हातावर टाकला आणि दाबली ना बोटं! मॅडम मोहगावच्या, बाप बैलांचा व्यापारी, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. उठल्या, खटाखट आकडे टाकले, कंप्युटर उघडला. आणि माझ्याकडे अशा पाहिल्या, जसं मयतीला आलेलं माणूस पाहतं.

मी ओरडलो, "काका!" तर काका माझ्यावरच, "बोललो का मी? लिवलं का मी? तूच सांगतलं ना!"

नापास. मॅडमनी एवढी मेहरबानी केली, की सुधारून पुन्हा दाखवा म्हणाल्या. आणि जाता जाता ताकीद, ज्याला कार्ड नाही अशा माणसाला कोड माहीत असेल, तर त्याला आधी बाहेर करा. काकांनी मान डोलावली. लगेच समजलं त्यांना! आयुष्यात पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी फाटकावर चिंधूभाऊ आडवे. "कार्ड?"

"अहो चिंधूभाऊ, मी मयूर! कार्डं मीच केली! आपलाच माणूस!"

"आपला माणूस चालत नाही बाबू," चिंधूभाऊ म्हणाले, "तूच शिकवलं ना!"

बघा आता! अख्ख्या कंपनीत माझं शिकवणं एकाच माणसाला समजलं, आणि त्यानं ते माझ्यावरच चालवलं. मी उभा बाहेर, जीपशेजारी. नंबर प्लेट वाचत.

उद्यापासून सौंसर. काल मावसाजींना विचारलं, दुकानाच्या गल्ल्याची किल्ली कोणाकडे असते?

म्हणे, "कुलूपच नाही. कायले पाहिजे? सगळे आपलेच लोक हायत."