इतर सगळे – सत्त्याण्णव

नाही, पण मला एवढंच सांगा, मत दिलं होतं ना? दिलं होतं! मग गेलं कुठे? वेबसाइटवर काय लावलंय माहितेय? ‘लायब्ररी ट्रस्टी, जागा एक.’ त्याखाली ‘ब्लँक्स – अकराशे बेचाळीस.’ म्हणजे कोरी! सगळ्यांत जास्त मतं कुणाला, तर कुणालाच नाही! त्याखाली आमच्या शेजारचा गॅरी, त्याला अठ्ठावन्न, आणि समोर फुली, म्हणजे हा निवडून आला. आणि त्याच्या खाली, तुम्हाला सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली माझी, त्याच्या खाली ‘ऑल अदर्स – सत्त्याण्णव’! इतर सगळे! अहो, सत्त्याण्णव माणसं म्हणजे काय पोह्यांतला कढीपत्ता आहे, ताटाच्या कडेला काढून ठेवायला?

आता तुम्ही म्हणाल, कांचनताई, तुमचा काय संबंध. माझा संबंध असा, की त्या इतर सगळ्यांत आमचे हे आहेत. हो, आमचे हे उभे होते! बहात्तराव्या वर्षी. आयुष्यात कधी सोसायटीच्या मीटिंगला हात वर केला नाही त्या माणसाने. गावाचं नाव नाही सांगत मी, इकडे अमेरिकेत, श्रूजबरीहून वीस मिनिटं पुढे आहे एवढंच सांगते, उगाच कशाला, त्यांच्याच लायब्ररीचं कार्ड आहे माझ्या पर्समध्ये.

तर उभे का राहिले. दोन वर्षांपूर्वी ह्यांची नजर गेली, म्हणजे पूर्ण नाही, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. लायसन गेलं. आता अमेरिकेत लायसन गेलं म्हणजे पायच गेले की नाही? दूध आणायला कांचन, दाताच्या डॉक्टरकडे कांचन, केस कापायला कांचन. एकच जागा अशी, जिथे हे स्वतःच्या पायांनी जातात. लायब्ररी. बारा मिनिटं चालत, डोक्याला ती निळी टोपी. दर शनिवारी दहा वाजता खिडकीजवळचं टेबल धरून बसायचं आणि येईल त्या पोराला गणित शिकवायचं. फुकट! आपली पोरं, चिनी पोरं, ब्राझीलची पोरं, गॅरीचा नातूसुद्धा, सगळी त्या टेबलाला. मधलं दिसत नाही पण अपूर्णांक बरोब्बर दिसतात ह्यांना. शुक्रवारी संध्याकाळपासूनच माणूस खुलायचा हो, पेन्सिलींना टोकं काढत बसायचा.

आणि मार्चमध्ये नोटीस लागली की शनिवारी लायब्ररी बंद ठेवायचा विचार आहे. हे घरी आले, टोपी खुंटीला लावली, आणि नुसते बसून राहिले. चहा निवला. मी म्हटलं, “अहो, काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही. शनिवार गेला.” मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

तर लायब्ररी कधी उघडी, कधी बंद ते ठरवणाऱ्या ट्रस्टींची एक जागा रिकामी होती, गावानेच मत देऊन निवडायची, आणि फॉर्म भरायची तारीख होऊन गेलेली, आणि कुणीच भरलेला नाही! छापील नाव एकही नाही. नुसती एक कोरी ओळ, तिच्यापुढे लंबगोल. ओळीवर नाव लिहायचं, लंबगोल काळा करायचा, झालं मत. समोरच्या ऋताने सांगितलं हे. ऋता म्हणजे आमच्या समोर राहते ती, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, तिची अनिका ह्यांच्याकडेच गणित शिकून कॉलेजात गेली. ती म्हणाली, “काकू, काका उभे राहिले तर आरामात येतील! आपले सिटिझन झालेलेच शंभर आहेत. मी करते कॅम्पेन, डोन्ट वरी!”

केलं हो तिने. व्हॉट्सॅपवर मेसेज. माझ्याकडे आहे अजून, थांबा, वाचून दाखवते… “सर्वांना नमस्कार! मंगळवारी आपल्या लाडक्या काकांना मत द्या! मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, सगळ्यांत खालची कोरी ओळ, तिथे काकांचं नाव लिहा, ओव्हल काळा करा, पार्किंग मागच्या बाजूला आहे.” खाली हात जोडलेले सहा, फुलं चार. दिसतंय का काही? पार्किंगसुद्धा सांगितलंय! नाव? नाव कुठाय? मलाही तेव्हा दिसलं नाही, मीसुद्धा अंगठा टाकला त्याच्यावर. अहो, काका म्हणजे काका, त्यात काय लिहायचं!

गॅरीनेही तेव्हाच ठरवलं उभं राहायचं, कोऱ्या ओळीवरच. “एव्हरीथिंग इज ऑनलाइन नाऊ, कांचन, शनिवारी कोण येतं लायब्ररीत?” तुझा नातू येतो रे बाबा! पण त्याने काय केलं, पाट्या छापल्या. पहिलं नाव, आडनाव, घर नंबर, हे एवढाल्या अक्षरांत, दर चार घरांमागे एक. आणि आमचे हे! त्याला पाटी ठोकायला ह्यांनी आपली हातोडी दिली! म्हटलं, अहो, तो तुमच्या विरोधात उभा आहे. तर म्हणे, “म्हणून काय दगडाने ठोकू दे का त्याला?” मी डोक्याला हात लावला.

बरं, मतदान झालं. चहा-पोहे झाले ऋताकडे. आणि मग ते सत्त्याण्णव! मत दिलं होतं ना? दिलं होतं. मग गेलं कुठे?

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला मी टाऊन हॉलमध्ये. तिथली क्लार्क, लॉरेन, गोड बोलते हो, इतकं गोड की भांडताच येत नाही. “गुड मॉर्निंग, मॅम! ते स्कॅटर्ड व्होट्स आहेत. वेगवेगळ्या लोकांना पडलेली. एकेकाला थोडी थोडी, म्हणून आम्ही एकत्र दाखवतो.” म्हटलं, वेगवेगळे लोक कोण ते दाखव मला. यादी दे. “यादी आम्ही वेबसाइटवर टाकत नाही, मॅम.” टाकू नकोस, हातात दे! मग अर्ध्या तासाने आली हातात. आणि काय होतं त्या यादीत? ऐका. बसले आहात ना नीट?

‘काका – सव्वीस.’ नुसतं काका! ‘सबनीस काका – एकवीस.’ ‘सबनीस अंकल – सतरा.’ ‘मिस्टर सबनीस – अकरा.’ ‘मेपल लेनवरच्या पिवळ्या घरातले काका – सात.’ ‘लायब्ररीवाले आजोबा – पाच.’ मिकी माउसला तीन. आणखी सटरफटर. आणि पहिलं नाव आणि आडनाव, अगदी बरोब्बर, पत्त्यासकट… एक. ते माझं! मी अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत, रक्ताच्या बाटलीवर पूर्ण नाव नसेल तर मी बाटली परत पाठवायची. डॉक्टर ओरडू दे, नाहीतर नर्स रडू दे, नाव नाही तर तपासणी नाही! आणि आता तेच ती लॉरेन मला सांगतेय, गोड आवाजात. “मॅम, ही सात वेगळी माणसं आहेत.” अगं सात कसली, एकच आहे, घरी आहे, सोफ्यावर आहे!

ऋताचा नवरा परीक्षित, त्याचं काम काय माहितेय? बँकांच्या याद्यांमध्ये एकाच माणसाची दहा ठिकाणी दहा नावं पडलेली असतात ती शोधून एकत्र करणं. दिवसभर हेच करतो तो, पगार घेतो त्याचा! आणि मतपत्रिकेवर ह्याने काय लिहिलं? ‘काका.’ म्हटलं, “परीक्षित, तू पण?” तर मान खाली घालून म्हणाला, “काकू, मला वाटलं सिस्टिमला कळेल.”

मग दहा मतदारांच्या सह्या गोळा करून फेरमोजणीचा अर्ज दिला. तीन-चार आठवड्यांनी एका गुरुवारी सकाळी सुनावणी. सगळे ऑफिसच्या मीटिंग कॅन्सल करून आले, हॉल भरला. पुढे तीन माणसं बसलेली, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात, आणि बाजूला लॉरेन. मधला म्हातारा चष्मा पुसून म्हणाला, “मतदाराचा हेतू कळला तर आम्ही मत धरू. हा ‘काका’ कोण?” ऋता उठली, “सर, काका म्हणजे हे, पहिल्या रांगेत, निळी टोपी.” म्हातारा म्हणाला, “या गावात दुसऱ्या कुणाला काका म्हणतात का?”

आता गप्प बसावं की नाही? नाही! आमचे डॉक्टर चंद्रशेखर, पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत, सत्यवचनी माणूस, उभे राहिले. “मला म्हणतात.” त्यांचं बघून दुसरे उठले. मग तिसरे. साठीच्या पुढचा जो जो मराठी पुरुष हॉलमध्ये होता तो उभा! अकरा काका! आणि ह्या सगळ्यांनी मत दिलं होतं ह्यांनाच! म्हातारा चष्म्यातून बघतोय, लॉरेन मोजतेय. आणि आमचे हे मागे वळून सगळ्यांना नमस्कार करताहेत. सव्वीस मतं तिथल्या तिथे गेली हो माझ्या डोळ्यांसमोर.

मग म्हातारा ऋताला म्हणाला, “ठीक आहे. निदान या गृहस्थांचं पूर्ण नाव सांगा, रेकॉर्डसाठी.”

ऋताने परीक्षितकडे बघितलं.

परीक्षितने आपल्या बुटांकडे. कॉलेजातून सुट्टीवर आलेली अनिका, पाच वर्षं ह्यांच्या टेबलाला बसलेली, ती कुजबुजली, “मम्मा, वॉट इज हिज नेम?” बावीस वर्षं ज्यांनी आमच्याकडे दिवाळीला चकल्या खाल्ल्या, त्यांतल्या एकालाही माझ्या नवऱ्याचं नाव माहीत नाही! राग आला मला, पण तुम्हाला सांगते, ह्यांच्याकडे बघितलं. हे टोपी हातात घेऊन फिरवत होते नुसते.

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी, बहुतेक ऋताची मैत्रीण नेत्राच, हळूच म्हणाली, “काकू, नाव घ्या.” झालं! दुसरी म्हणाली, “काकू, नाव घ्या!” मग सगळ्याच. टाऊन हॉलमध्ये! डोहाळजेवण असल्यासारखं! “नाव घ्या, नाव घ्या!” लॉरेन विचारतेय, “वॉट आर दे चँटिंग?” आणि माझं डोकं असं सटकलेलं, मी उठले, पदर खोचला, हो, साडीच नेसून गेले होते मी त्या दिवशी, आणि त्या तिघांकडे बघून घेतलं:

“मतपत्रिकेवर गोल भरला काळा काळा काळा,
मोरेश्वररावांच्या लायब्ररीला लावू नका टाळा!”

टाळ्या! अकरा काकांनी शिट्ट्या मारल्या! लॉरेनने विचारलं, स्पेलिंग काय, ते मी सांगितलं, तिने लिहून घेतलं. मोरेश्वर सबनीस. रेकॉर्डवर आलं एकदाचं. अनिकाने दोनदा म्हणून बघितलं, “मो-रे-श्वर.” आणि ह्यांचे कान लाल झाले, बहात्तराव्या वर्षी!

मग ते तिघे आत गेले, वीस मिनिटांनी बाहेर आले. म्हातारा चांगला होता हो, खोटं नाही बोलणार. म्हणाला, “ज्या मतांवर ‘सबनीस’ आहे ती सगळी धरतो, गावात दुसरं सबनीस घर नाही. पिवळं घरही मेपल लेनवर एकच, तीही धरतो. नुसते काका आणि आजोबा मात्र नाही धरता येणार.” एकवीस, सतरा, अकरा, सात, आणि माझं एक. करा बेरीज. सत्तावन्न! आणि गॅरीला अठ्ठावन्न. एका मताने! सव्वीस काका, पाच आजोबा कचऱ्यात, आणि एका मताने पडलो!

परतताना गाडीत मी नुसती फणफणत होते. एक मत! तो परीक्षित, दोन अक्षरं जास्त लिहायला काय झालं होतं त्याला? ते डॉक्टर, बसून राहिले असते तर पाय दुखले असते का? ती लॉरेन, पहिल्या दिवशीच यादी लावली असती तर? दिलेलं मत गेलं कुठे, सांगा ना, गेलं कुठे? हे शेजारी बसलेले, खिडकीतून बाहेर बघत. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “कांचन, चिडू नकोस. एक सांगायचं होतं. मी गॅरीला दिलं.”

मागचा हॉर्न मारायला लागला, माझा पाय हलेना. म्हटलं, “काय दिलंत?”

“मत. आपल्या दारातला बर्फ काढतो गं तो दर वर्षी. आणि कोऱ्या ओळीवर आपणच आपलं नाव लिहायचं… बरं दिसतं का ते?”

म्हणजे ह्यांनी स्वतःला दिलं असतं तर हे अठ्ठावन्न, गॅरी सत्तावन्न! करा परत बेरीज, मी गाडीत तीनदा केली! महिनाभर मी गावभर बोंबलत हिंडले, मत गेलं कुठे, मत गेलं कुठे… शेजारी गेलं होतं!

आता शनिवारी लायब्ररी बंद. दहा वाजता माझ्या डायनिंग टेबलावर अकरा पोरं असतात, गॅरीच्या नातवासकट, आणि पोहे मी करते. मागच्या शनिवारी शेवटचं पोर गेल्यावर मी म्हटलं, जाऊ दे झालं, आता नाही काढणार विषय. तर हे पेन्सिली गोळा करता करता मला म्हणतात कसे, “मी मात्र त्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं हो, घर नंबरासकट. निदान आपल्या घरचं एक मत तरी पहिल्या दिवशीच बरोबर मोजलं गेलं.”