कोरड्या स्टोव्हचा आवाज

फुस्, फुस्, फुस्... माफ करा. आदरणीय अध्यक्ष विजयेंद्रराव, व्यासपीठावरील सत्कारमूर्ती अन्नपूर्णाबाई आणि त्यांच्या खाणावळीत पोसल्या गेलेल्या तिरुवल्लिकेणीच्या तमाम ब्रह्मचाऱ्यांनो, संबोधनाआधी आवाजच तोंडून निघाला. आईच्या पितळी स्टोव्हला पंप मारतानाचा आवाज. वडिलांच्या क्रमिक पुस्तकातल्या कविता मी त्याच तालावर पाठ केल्या.

रॉकेलच्या टंचाईत टाकी कोरडी पडली, तरी आई म्हणे, "पंप मार रे. शेजारी ऐकू जाऊ दे." भिंतीपलीकडे अन्नपूर्णाबाईंच्या सासूबाई राहत. तिकडूनही तोच आवाज यायचा. आम्हाला वाटे, त्यांचा भात शिजतोय. मग मागावं कसं? पुढे कळलं, त्यांचाही स्टोव्ह कोरडाच होता. दोन्ही घरं भिजवलेले पोहे खाऊन एकमेकांना आवाज ऐकवत होती. असला मानीपणा आपल्याखेरीज कुणाला सुचेल, सांगा?

हसू नका. यंदा पुन्हा टंचाई आली, आता गॅसची. मी विधुर माणूस. दोन्ही वेळचं माझं पान इथेच. विचारलं की बाई म्हणायच्या, "सिलिंडर वाटेत आहे हो, अण्णा." विजेची शेगडी लावावी तर या जुन्या मॅन्शनचा, आपल्या या खोल्याखोल्यांच्या इमारतीचा, फ्यूज उडतो. पंगत बंद पडली तेव्हा कुठे समजलं, उरलेल्या गॅसवरचा भात आम्हाला वाढून बाई स्वतः ताकावर राहत होत्या.

उद्या त्यांचा मुलगा कार्तिकेय त्यांना तिकडे आवडी गावातल्या आपल्या क्वार्टर्समध्ये नेणार. शाल झाली, नारळ झाला. पण खरं सांगू? मी निरोप द्यायला उभाच नाही. बाई, शुक्रवारपर्यंत थांबा. मी रोज गॅस एजन्सीत जाऊन बसतो. सिलिंडरला ते शुक्रवार म्हणालेत. मागेही शुक्रवारच म्हणाले होते, ठाऊक आहे मला. तरी थांबा. तुम्ही गेलात, तर या तमिळ गावात मला 'अजून थोडा भात वाढू का' असं मराठीत कोण विचारणार?

असो. कार्यकारिणीचे आभार. म्हाताऱ्याचं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सध्या तिथे जागा पुष्कळ आहे.

पण थांबा, दारात कोण? घरमालक राघोत्तमराव? आज कसे? आणि सोबत हे टेप घेतलेले गृहस्थ... नवे भाडेकरू? स्वयंपाकघर मोजायचंय? अहो, महिनाअखेरपर्यंत जागा बाईंचीच आहे ना?

बाई, तुम्ही उठू नका. बसा. काय म्हणालात त्यांना?

"या, बसा. आता जेवूनच जा."