म्हात्रेबाईंचं मानपत्र

आमच्या अंबरनाथच्या कारखान्यातल्या मराठी टाइपिस्ट म्हात्रेबाई निवृत्त झाल्या, तेव्हाची गंमत सांगतो. नवा कॉम्प्युटर आला होता, म्हणून मी त्यांचं मानपत्र हौसेने त्यावरच लिहिलं आणि फ्लॉपी उल्हासनगरच्या दुकानात छापायला नेली. त्या दुकानात आमचा मराठी फॉन्टच नव्हता. कागदावर नुसती इंग्रजी अक्षरं उमटली, अर्थ शून्य.

सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, जो आपने लिखा, वही छपा है."

परत आलो तर समारंभाला तासभर उरलेला, कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात ठाण्याला गेलेली.

बाईंनी कागद माझ्या हातातून ओढला. "अहो, ही इंग्रजी अक्षरं म्हणजे तुम्ही दाबलेली बटणं आहेत. कॉम्प्युटरवर मराठीची बटणं माझ्या या टाइपरायटरसारखीच ठेवलीत ना? मग हीच इथे दाबली की मराठी उमटेल."

आणि स्वतःचं मानपत्र स्वतःच टाइप करायला बसल्या. 'मनमिळाऊ'पाशी हसल्या. "खोटं किती लिहाल!"

शेवटच्या ओळीपाशी मशीन थांबलं. मी धीर करून लिहिलं होतं, 'या मशीनचा आवाज थांबला की मी मान वर करून बघायचो, बाई घरी तर गेल्या नाहीत ना.'

बाईंनी तीही टाइप केली.

समारंभात वाचायला उभा राहिलो, तर कागदाची खालची पट्टी कापलेली. मी बाईंकडे पाहिलं.

पर्स बंद करत त्या हळूच म्हणाल्या, "ती चारचौघांत वाचायची नव्हती."