एक हात मागे

आम्ही नवघरचेच, मूळचे, कुठून आलेलो न्हाय. आता हे टॉवर दिसतायत ना तुम्हाला, ह्यांच्या मागे खाडीच्या अंगाला सगळी मिठागरं होती आणि माझे बाबा मिठागरात कामाला, पाऊस सरला की मिठात उतरायचे ते पुढचा पाऊस येईपर्यंत, पायाला भेगा इतक्या की आई रात्री तेल लावायची तर कळवळायचे. मी सहा-सात वर्षांची असेन, आई भाकरी बांधून द्यायची, मी बाबांना नेऊन द्यायची, आणि बाबा जेवले की मला भरतीच्या पाण्यात सोडायचे. सोडायचे म्हणजे खरंच सोडायचे, खालचा हात काढून घ्यायचे. ओहोटीला न्हाय हां, ओहोटीचं पाणी ओढून नेतं. बोलायचे, वने, पान्याशी भांडू नको, ढकल नि गप ऱ्हा, ते नेल तुला पुढं. झालं, एवढंच माझं शिक्षण. पुढे लोकांनी त्याला ब्रेस्टस्ट्रोक नाव दिलं, आमच्याकडे बेडकी बोलायचे. मलाही बेडकीच बोलायचे.

सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. मुंबईतली जागा विकून भाईंदरला नवीनच राहायला आलेले, ब्लॉक सिस्टीममध्ये, संडास-बाथरूम घरातच, तेव्हा त्याचं काय कौतुक. सहावीत शाळेची सहल चेण्याला गेली, नदीवर. तिथे एका मुलीची चप्पल वाहून गेली, ती लागली रडायला, तर मी फ्रॉकसकट उडी टाकली आणि चप्पल घेऊन आले. मला वाटलं आता सर कानफटात देणार. ते बोलले, परत जा बघू त्या दगडापर्यंत आणि परत ये. मी गेले, आले. बोलले, कुणी शिकवलं? मी बोलले बाबांनी. दुसऱ्या रविवारी सर आमच्या दारात. आई घाबरली, तिला वाटलं पोरीनं शाळेत काय तरी केलं.

तेव्हा भाईंदरमध्ये कुठला तलाव! स्विमिंग टँक बघायचा तर ठाण्याला जायचं. सरांची स्कूटर होती. पहाटे सर पुढे, मध्ये त्यांची मुलगी शलाका, मागे मी, अशी वरात घोडबंदर रोडने. शलाका माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तीही ब्रेस्टस्ट्रोकच. आता खोटं कशाला बोलू, सरांनी मला पोटच्या पोरीसारखं केलं. काय सांगू तुम्हाला, पोहून आलं की काकू, म्हणजे सरांची बायको, दोघींना सारखं दूध द्यायची, माझा कॉस्च्यूम शलाकाच्या कॉस्च्यूमबरोबर धुवून वाळत घालायची. माझी भाषा पण तिनेच सुधारली. न्हाय न्हाय वनिता, नाही म्हण, नाही. बघा किती सुधारली ते.

गावात बोलणारे बोलायचेच. मिठागरवाल्याची पोरगी चड्डीवर पोहते, हिला कोण करणार. आई ऐकून यायची आणि चुलीत लाकडं सारत बसायची. मग मी राज्यात पहिली आले, तीन वर्षं लागोपाठ पहिली, ज्युनिअरमध्ये, दोनशे मीटर. पेपरात एवढासा फोटो आला, टोपी घातलेला, त्यात मी आहे का कोण आहे ते पण कळत न्हाय. पण तोच फोटो घेऊन बाबा दारोदार फिरले. ज्या बायका चड्डीवर पोहते बोलायच्या त्याच आरती घेऊन दारात. माणसं अशीच, त्यांचा राग न्हाय मला.

राग ज्याचा आहे ते सांगते.

त्या वर्षी खुल्या गटाची चाचणी होती. पहिली येईल ती राज्याच्या संघात, नॅशनलला जाणार, एकच जागा. मी अकरावीत, शलाका कॉलेजात. वेळ माझी चांगली होती, हे सरांना माहीत, मला माहीत, तिला माहीत. बाबा पहिल्यांदाच बघायला आलेले. पावसाळा होता, मिठाचं काम बंद. इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीने, हातात छत्री, आणि वर पायऱ्यांवर एकटेच बसलेले. मी खालून हात केला.

सर मला कपडे बदलायच्या खोलीमागे घेऊन गेले, तिथे एक बाकडं होतं. शर्यतीच्या दिवशी सर उकडलेलं अंडं सोलून द्यायचे, नेहमीचं होतं ते. त्या दिवशी पण सोलत होते. सोलता सोलता बोलले, वनिता, शलाकाचं हे शेवटचं वर्ष गं, पुढे अभ्यास आहे तिला. तुझ्यापुढे अजून बरीच वर्षं पडलीत. ह्या वेळी एक हात मागे राहा. फक्त एक हात. पुढच्या वर्षी तू. मी आहे ना.

आणि अंडं माझ्या हातात दिलं.

सतरा वर्षांची पोर मी. त्या माणसाच्या स्कूटरवर बसून मी पाच वर्षं पाण्यात आलेली, त्याच्या बायकोने माझे कपडे धुतलेले. न्हाय कसं बोलतात ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी अंडं खाल्लं. आणि हो बोलले.

पाण्यात मुद्दाम मागे राहणं सोपं नसतं हो. तुम्हाला वाटेल पाय कमी मारायचे. तसं केलं तर पंचाला कळतं. बेडकीत एक जागा असते, हात पुढे ताणले की क्षणभर शरीर आपलं आपण घसरत जातं, मग पुढचा हात मारायचा. तो क्षण जरा लांबवायचा, बस. कुणाला काही दिसत न्हाय. दीडशे मीटरला मी अर्ध्या अंगाने पुढे होते, तिथून मी प्रत्येक हाताला थोडी थोडी थांबत गेले, थांबत गेले, आणि बाजूच्या लेनमधून शलाकाचं डोकं पुढे गेलेलं बघितलं. भिंतीला हात लावला तेव्हा मला धाप पण लागलेली नव्हती. म्हणून मी खोटी खोटी धाप लागल्यासारखं केलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. त्याचीच लाज वाटते जास्त.

एसटीत बाबा खिडकीशी बसलेले. काशीमिरा आल्यावर बोलले, दमलीस? मी बोलले, हो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. भरतीच्या पाण्यात तास तास पोहणारी पोर त्यांची, आणि दोनशे मीटरला दमली. बोलले, बरं.

त्यानंतर कुणी विचारलं की सांगायचे, दम कमी पडला पोरीचा. आईने मला शेंगदाण्याचे लाडू करून घालायला सुरुवात केली, दम यावा म्हणून. मी ते खाल्ले. बाबांना ते खरंच वाटलं होतं की मला वाचवायला तसं बोलत होते, ते मला आजपर्यंत माहीत न्हाय. सहा वर्षांनी काविळीने गेले. मी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर सरांच्या दारात जाऊन उभे राहिले असते, म्हणून आधी सांगितलं न्हाय, आणि नंतर दवाखान्यात खाटेवर होते तेव्हा काय सांगायचं?

पुढचं वर्ष कधी आलंच न्हाय. शलाका नॅशनलला गेली, तिथे तिला मोठे कोच मिळाले, सर तिच्या मागे मागे. स्कूटर आमच्या दारात यायची थांबली. मी ट्रेनने नि बसने जाऊन एकटीच फेऱ्या मारत बसायची, सांगणारं कुणी नाही, आणि ब्रेस्टस्ट्रोकवाल्याचा गुडघा जातो तसा माझा गेला. आठ महिने लंगडत होते. सरांना निरोप पाठवला तर सर बोलले, आराम कर. शलाकाला खेळाडूच्या कोट्यातून चांगली नोकरी लागली, साहेब आहे ती आता. मी पण फॉर्म भरलेला एका ठिकाणी. समोरचा माणूस सर्टिफिकेटं उलटून बोलला, ज्युनिअरची आहेत सगळी, नॅशनलचं कुठाय? मी बोलले, न्हाय.

लग्न झालं, दोन मुलं झाली, मोठी झाली, त्यात सांगण्यासारखं काय न्हाय, सगळ्यांचं होतं तसं. आमचा माणूस चांगला आहे. आता बारा वर्षं मी इथे शांती नगरजवळच्या ह्या सोसायटीच्या पूलवर बायकांना शिकवते. दिवसभर तोंडात हिंदी, भाभी पैर सीधा रखो, भाभी डरो मत. ह्या भाभींना मी कोण ते माहीत न्हाय. एकदा एक बोलली, दीदी आप तो अच्छा तैरती हो, कॉम्पिटिशन में क्यूं नहीं गयी? मी हसले आणि तिचे पाय सरळ केले.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता, मीरा रोडला हॉलमध्ये. काकूंचा फोन आला, तू त्यांची पहिली विद्यार्थिनी, आलंच पाहिजे. गेले. साडी नेसून गेले. स्टेजवर बोलावलं. सर थकलेत, पण डोकं एकदम शाबूत. माझा हात हातात घेतला आणि माइकवर बोलले, ही वनिता. हिला मी चेण्याच्या नदीत शोधली. फार गुणी मुलगी. शलाकाच्या बरोबरीने पोहायची, पण शेवटी दम कमी पडला.

हॉलमध्ये लोक हळहळले, च्च च्च केलं. आणि माझा हात अजून सरांच्या हातात. मला वाटलं विसरले असतील, म्हातारपण आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. विसरलेला माणूस नजर कशाला खाली घालेल?

मग माइक माझ्याकडे दिला, दोन शब्द बोल. सत्कार होता, काकू पुढच्या रांगेत बसलेली, पदराने डोळे पुसत होती. मी एवढंच बोलले, सरांनी जसं सांगितलं तसंच मी पोहले, एक हात पण इकडे तिकडे न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या हाताला घाम सुटलेला मला कळला.

जेवणाच्या रांगेत शलाका माझ्या मागे येऊन उभी राहिली. ताटात वाढून घेता घेता हळूच बोलली, मला माहीत होतं गं. मी बोलले, काय माहीत होतं? बोलली, त्याच दिवशी कळलं. मी बाजूच्याच लेनमध्ये होते ना, तू थांबतेयस ते दिसत होतं मला. घरी येऊन रडले पण. पण मी तरी काय करणार होते, वनिता?

पंचवीस वर्षांच्या वर झाली हो. एकदा, एकदा माझ्या बाबांना येऊन सांगितलं असतं. तिने सांगायला पाहिजे होतं की मीच सांगायला पाहिजे होतं, ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले आहात. मी ताट तिथेच ठेवलं आणि रिक्षा करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. सर जेवले नाहीत, विचारतायत वनिता रागावली का? मी बोलले काकू, मी कामावर आहे, नंतर करते. अजून केला न्हाय. घरातले बोलतात, म्हातारा माणूस आहे, माफ करून टाक, तुलाच हलकं वाटेल. मला हलकं वाटून घ्यायचं न्हाय. एवढी वर्षं सगळ्यांना बरं वाटावं म्हणूनच वागले की मी.

झालं, आल्या बघा पाचच्या बॅचच्या बायका, उठते मी. तुमच्या पोरीला पोहायला शिकवायचंय बोललात ना, घेऊन या, मी शिकवीन, चांगली शिकवीन. देव तिला मोठं करो. सगळ्यांचंच भलं करो, सरांचं पण करायचं तर करो, मी आड येत न्हाय. फक्त सरांचं ते माझ्या तोंडाने मागायला लावू नका.