धाकूमामांचा आकडा

आजचे अध्यक्ष डॉ. विद्याधर सबनीस, व्यासपीठावरील मान्यवर, बत्तीस वर्षांनंतर निवृत्त होणाऱ्या आमच्या मुख्य तंत्रज्ञ नलिनीताई आणि मुलुंडच्या आपल्या लॅबमधले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी दिशा. घरातली पहिली पदवीधर. कॉलेजातून थेट ताईंच्या हाताखाली आले, तेव्हा मला वाटायचं, जे मोजता येतं ते कळतं. ताईंनी मला शिरेत सुई घालायला शिकवलं, आणि न दुखवता बोलायलाही. दुसरं अजून जमत नाही. आजही कदाचित जमणार नाही.

जुलै एकवीसमध्ये, दोन डोस झाल्यावर, आपण एकमेकांचं रक्त काढून अँटीबॉडी मोजल्या. आठवतंय ना? सर्वांत मोठा आकडा धाकूमामांचा. घरोघरी जाऊन नमुने घेणारे आपले मामा. आदल्या वर्षी करोना होऊन गेलेला, वर लस. म्हणाले, "बारावी नापास माणूस पयलो इलो गो. बोर्डार लाव." मी यादी लावली.

जानेवारीत तिसरी लाट आली. निम्मा स्टाफ आजारी. तापाच्या पेशंटांकडे कोणी जायचं? यादी बोर्डावर होतीच. ज्याचा आकडा मोठा त्याने जायचं, असा ड्युटीचा तक्ता निघाला. मामांचं नाव रोज. ताई म्हणाल्या होत्या, "अगं, हा आकडा जुलैचा. एव्हाना उतरला असेल. आणि नसला उतरला, तरी हमी कसली?" पुन्हा मोजायला वेळ कोणाला होता? नाहूरच्या एका घरून आल्यावर मामांना ताप भरला. दुसऱ्यांदा करोना. मधुमेह होताच. नवव्या दिवशी गेले.

दिवस झाल्यावर अनुपमामामी लॅबमध्ये आल्या. "ह्यांकाच रोज कित्याक धाडलात?" ताई पुढे झाल्या. "तक्त्यावर सही माझी आहे," म्हणाल्या. त्यानंतर मामी ताईंशी कधी बोलल्या नाहीत. आज त्या शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. मीच घरी जाऊन बोलावलं.

मामी, तो तक्ता मी केला होता. ताईंनी अडवलं तेव्हा मीच म्हणाले, "ताई, हे विज्ञान आहे." माणसं कमी होती, त्यांनी सही केली. नंतर मी खरं सांगायला निघाले, तर म्हणाल्या, "तू गप्प बस. तुला अजून खूप वर्षं इथे काढायचीत." मी गप्प बसले. फार सोपं गेलं ते मला.

ताई, शाल घरी न्या, श्रीफळ न्या. माझी चूक न्यायची नाही.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांची आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. तक्त्याबद्दल मात्र मी सभेकडे काही मागत नाही. मामी, कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबते.