उद्या पहाटे या

ओआहाकाकडच्या त्या गावात औषधाच्या दुकानाला लागूनच खाजगी डॉक्टरची खोली होती. बाहेरच्या बाकावर ओब्दुलिया तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी तिनंच सरकारी दवाखान्याच्या दारातून "चिठ्ठ्या संपल्या, उद्या पहाटे या" असं ओरडून रांग परत पाठवली होती. आता नर्सचा पांढरा डगला पिशवीत कोंबलेला, शाल कपाळावर ओढलेली. शेजारी दोघी बोलत होत्या.

"चेन्चा मावशी, तुम्ही आणि इथं?"

"काय करू? अंधारात उठून, नुसतं कपभर मक्याचं आतोले पिऊन रांग धरली. दारापाशी पोचले आणि चिठ्ठ्या संपल्या!"

"मग आधीच इथं यायचं ना."

"मागच्या खेपेला ती नर्स अंगावर धावून आली गं. म्हणे, दुकानातल्या डॉक्टरकडे पळू नका, तो सगळ्यांना एकच इंजेक्शन टोचतो आणि गोळ्या खपवतो."

"आणि तिची पोरं आजारी पडली की?"

"नेत असेल तिथंच, मागच्या दारानं."

"आपल्याला कुठलं आलंय मागचं दार!"

ओब्दुलियानं शाल नाकापर्यंत ओढली. तेवढ्यात लेक कण्हली.

"आई, आपण तुझ्या दवाखान्यात का नाही गेलो?"

चेन्चा मावशी वाकली, शालीखालचं तोंड तिनं नीट पाहिलं.

दार उघडलं. "पुढचं कोण?"

"नंबर माझा आहे, डॉक्टर," चेन्चा मावशी म्हणाली. "पण हिची पोर फणफणलीय, आधी तिला बघा. माझं काय, मी उद्या पहाटे हिच्या दवाखान्यात जाईन."