गंजलेलं हरिण

आमच्या पुण्याच्या शेखरदादाले कला कळते, एवढं आधी मान्य करा, मग चहा घ्या. मागं तो भिलाईले आला तर त्याले 'अस्सल लोककला' पायजे होती. मी त्याले हस्तशिल्प मेळ्यात नेलं. तिथं बस्तरच्या एका लोहारानं लोखंडाचे हरणं मांडले होते, काळे, गुळगुळीत. दादानं नेमकं मागं पडलेलं, गंजलेलं हरिण उचललं.

लोहार म्हणे, "भैया, वो तो पानी में भीग गया. अच्छा वाला देता हूँ."

"नको, हेच. यात काळाचा स्पर्श आहे," दादा मले म्हणे.

दुसऱ्या दिवशी हरिण व्हरांड्यात ठेवून तो रायपूर पाहाले गेला. आता आमचे बाबा स्टील प्लांटच्या पेंटिंग गँगमधून रिटायर झालेले. त्याईले गंज दिसला का हात शिवशिवते. संध्याकाळपर्यंत त्याईनं हरिण घासलं, रेड ऑक्साइड मारलं अन् वरून सिल्व्हर पेंट लावला. आमच्या गेटले अन् कूलरच्या स्टँडलेबी तोच आहे.

दादा आला अन् पाहातच राह्यला. बाबा म्हणे, "आता वीस वर्षं चिंता नाही."

बिचारा तसंच घेऊन गेला. महिन्यानं त्याचा फोन आला. "अरे, सगळे विचारतायत, कुठून आणलंस. अजून दोन पाठव ना. रंग मात्र तोच हवा, ती खास तिकडची शैली आहे."

मी बाबाले सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणे, "त्याले सांग, हाताची कला आहे. घाई करायची नाही."